पाण्याआधी हवा

पाइपात पाणीच असतं, असं आपण धरून चालतो. पण विहिरीवरचा पंप बंद असतो, तेव्हा त्या पाइपात पुष्कळदा हवा शिरलेली असते. तिला यायला-जायला वाट ठेवली नाही, तर गावाची पाणीयोजना आजारी पडते. आज मी बोलणार आहे ते या वाटेबद्दल, म्हणजे एअर व्हॉल्व्हबद्दल.

डहाणू तालुक्यातलं कैनाडसारखं गाव डोळ्यांसमोर आणा. या भागात पावसाळ्यात पाणीच पाणी, उन्हाळ्यात मात्र रिकामे हंडे. किनाऱ्यापासून पूर्वेकडे जावं तशी जमीन चढउताराची होत जाते. अशा जागी विहीर सखल भागात आणि टाकी टेकाडावर असते. मधली पाइपलाइन उंचवटे चढत-उतरत जाते. हवा हलकी, म्हणून ती उंचवट्यावर अडकून बसते. पाण्याची वाट अरुंद होते. मोटर चालूच राहते, टाकी मात्र लवकर भरत नाही.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. एक भांडं, वर भोक, आत तरंगणारा चेंडू. पंप सुरू झाला की पाण्यापुढची हवा भोकातून निघून जाते. मागून पाणी आलं की चेंडू उचलला जातो आणि भोक बंद होतं. पंप थांबून पाणी ओसरलं की चेंडू खाली पडतो आणि बाहेरची हवा आत येते. लाइन दाबाखाली असताना मोठ्या भोकाचा चेंडू सुटत नाही. तेव्हा साठणारी हवा सोडायला बारीक भोकाचा व्हॉल्व्ह लागतो. दोन्ही कामं करणारे जोडव्हॉल्व्हही मिळतात.

पण मुद्दाम हवा आत कशाला घ्यायची? समजा, अचानक वीज गेली. पाइपातलं पाणी दुभंगतं आणि उंचवट्यावर पोकळी होते. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. पूर्ण पोकळी झाली, तर ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाच्या १ मीटर लांबीवर चहूबाजूंनी मिळून साडेतीन टनांचा भार येतो. पातळ पीव्हीसी पाइप त्याखाली चेपतो. त्याहून वाईट म्हणजे सैल सांध्यातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढे तेच नळाला येतं आणि घरात जुलाब सुरू होतात.

म्हणून व्हॉल्व्ह उंचवट्यांवर हवा. विहिरीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या अलीकडे, पंपाच्या बाजूलाही तो लागतो. त्याचा खड्डा पाण्याने भरू देऊ नका, नाहीतर हवेऐवजी तेच पाणी आत जाईल. आणि व्हॉल्व्ह ठिबकू लागला की लोक त्यावर बूच ठोकतात, ते तर मुळीच करू नये. बहुतेक वेळा चेंडू आणि भोकाच्या मध्ये कचरा अडकलेला असतो किंवा रबर झिजलेलं असतं. पाणी बंद करून व्हॉल्व्ह उघडा, धुवा, रबर बदला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा एवढं केलं, तरी गावाचं पाणी आणि गावाचं आरोग्य दोन्ही राखता येतं.