कीटोजेनिक आहार आणि हाडांचे आरोग्य

कीटोजेनिक आहार म्हणजे स्निग्ध पदार्थांचे प्रमाण फार मोठे, प्रथिनांचे माफक आणि कर्बोदकांचे अत्यल्प असलेला आहार होय. ग्लुकोजचा पुरवठा घटल्यामुळे यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये तयार करते आणि मेंदू, स्नायू व इतर अनेक अवयव ती इंधन म्हणून वापरतात. हा आहार दीर्घकाळ घेणाऱ्या अपस्मारग्रस्त (फेपरे येणाऱ्या) मुलांच्या हाडांतील खनिजांचे प्रमाण घटत असल्याचे आढळले आहे. वजन कमी करण्यासाठी कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्या प्रौढांमध्ये मात्र अशी घट सिद्ध झालेली नाही.

पार्श्वभूमी

उपवासाने अपस्माराचे झटके कमी होतात, हे निरीक्षण जुने आहे. उपवासाचा हा परिणाम जेवण चालू ठेवूनही साधता यावा, यासाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये या आहाराची कल्पना मांडली. त्याच्या अभिजात प्रकारात प्रथिने व कर्बोदके यांच्या एकत्रित वजनाच्या चौपट स्निग्ध पदार्थ असतात आणि सुमारे ९० टक्के ऊर्जा त्यांच्यापासूनच मिळते. १९३८ नंतर फेनिटॉइनसारखी औषधे उपलब्ध झाल्याने हा उपचार मागे पडला. १९९० च्या दशकात, औषधांना दाद न देणाऱ्या बालकांसाठी तो पुन्हा वापरात आला. आज ‘कीटो’ या नावाने लोकप्रिय असलेला आहार सहसा इतका कडक नसतो. हाडांविषयीचे निष्कर्ष वाचताना हा फरक विसरला की गोंधळ होतो.

हाडांवरील परिणामांची कारणे

बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट व अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ही प्रमुख कीटोन द्रव्ये आम्लधर्मी आहेत. त्यांच्यामुळे रक्तातील बायकार्बोनेट काहीसे घटते. मधुमेहातील जीवघेण्या कीटोआम्लतेशी या स्थितीची तुलना करता येत नाही. परंतु सौम्य आम्लता वर्षानुवर्षे टिकल्यास तिचे उदासिनीकरण करण्याच्या कामी हाडांतील क्षारही येतात. त्यातून सुटलेले कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडते. शिवाय आम्लतेमुळे हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना मिळते आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. हा आहार घेणाऱ्या मुलांमध्ये मुतखड्याचे प्रमाण अधिक असते, त्यामागे मूत्रातील वाढलेले कॅल्शियम हेही एक कारण आहे.

मुलांमध्ये याखेरीज वाढीचा प्रश्न असतो. इन्सुलिन आणि इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ या दोहोंची पातळी आहारामुळे खाली येते. हे दोन्ही घटक हाडांच्या वाढीस पोषक आहेत. प्रौढपणी पुरणारा हाडांचा साठा बालपण व किशोरवयातच जमा होत असल्याने या काळातील तूट भरून काढणे कठीण असते.

खाद्यपदार्थांची निवडही महत्त्वाची ठरते. दुधात लॅक्टोज ही शर्करा असल्याने ते मोजून-मापूनच देता येते. १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी तृणधान्य असल्याने जवळजवळ वर्ज्यच होते. त्यामुळे कॅल्शियम वेगळे पुरवले नाही, तर ते कमी पडते.

मुलांवरील अभ्यास

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपस्माराच्या औषधांसह हा आहार घेणाऱ्या पाच मुलांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी व हाडांचे वस्तुमान दोन्ही कमी आढळले. ‘ड’ जीवनसत्त्व दिल्यावर हाडांचे वस्तुमान सुधारले. फिलाडेल्फिया येथे २५ मुलांवर १५ महिने चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संपूर्ण शरीर व मणका या दोन्हींतील खनिजांचा वयसापेक्ष झेड-गुणांक दरवर्षी सुमारे ०.६ ने घसरला. हा गुणांक मूल आपल्या वयाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते दाखवतो.

तथापि या घटीचा सगळा दोष आहाराला देता येत नाही. फेनिटॉइन व फेनोबार्बिटल ही औषधे ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन वाढवतात, तर टोपिरामेट रक्तातील आम्लतेत भर घालते. यांपैकी अनेक मुले चालू शकत नाहीत, आणि भार न पडणारे हाड आपोआप विरळ होते. फिलाडेल्फियातील मुलांची हाडे आहार सुरू होण्यापूर्वीच कमकुवत होती.

प्रौढ आणि खेळाडू

कमी कर्बोदकांचा व कमी स्निग्धांशाचा आहार यांची दोन वर्षे तुलना करणाऱ्या, ३०७ स्थूल प्रौढांवरील २०१० च्या अमेरिकी चाचणीत हाडांच्या घनतेत लक्षणीय फरक दिसला नाही. वजन उतरते तेव्हा, आहार कोणताही असो, घनता काही प्रमाणात घटू शकते. म्हणून अशी तुलना आवश्यक ठरते.

खेळाडूंबाबतचे चित्र निराळे आहे. जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवघ्या साडेतीन आठवड्यांच्या कीटोजेनिक आहारानंतर हाडांच्या झिजेचे रक्तदर्शक वाढले व निर्मितीचे दर्शक घटले. कर्बोदके पुन्हा सुरू केल्यावर ते अंशतःच पूर्ववत झाले. रक्तदर्शकांतील बदल म्हणजे हाड मोडणे नव्हे, आणि इतक्या अल्प काळात घनतेतील फरक मोजणेही शक्य नसते.

वैद्यकीय देखरेख

अपस्मारासाठी हा आहार घेणाऱ्या मुलांना कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व पूरक स्वरूपात दिले जाते. रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व व बायकार्बोनेट वेळोवेळी तपासतात. आहार दोन वर्षांहून अधिक चालल्यास डेक्सा या क्ष-किरण तपासणीने हाडांची घनता मोजण्याचा विचार केला जातो. पोटॅशियम सायट्रेट दिल्याने मुतखड्याचे प्रमाण बरेच घटते. झटके आटोक्यात आल्यास साधारणपणे दोन वर्षांनी आहार हळूहळू थांबवण्याची प्रथा आहे. ग्लुट-१ न्यूनतेच्या आजारात मात्र मेंदूला ग्लुकोज पुरेसे पोहोचत नसल्याने तो अनेक वर्षे चालू ठेवावा लागतो. अशा तीन प्रौढ रुग्णांच्या पाच वर्षांहून अधिक काळाच्या पाहणीत हाडांची लक्षणीय हानी दिसली नाही.