उद्याच्या भावाचा अदमास

इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर बेतलेल्या फॅन्टसी खेळात १०० दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक खजिन्यातून १५ खेळाडू खरेदी करावयाचे असतात. आणि त्यांचा भाव मैदानावरील पराक्रमाने प्रत्यक्ष ठरत नसून, त्यांना घेणारे आणि सोडणारे यांच्या संख्येतील तफावतीने, एका वेळी ०.१ दशलक्षाने चढतो वा उतरतो. नेमके सूत्र संयोजकांनी गुप्त राखल्यामुळे अभ्यासक दैनंदिन उलाढालीची नोंद ठेवून, लॉजिस्टिक रिग्रेशनसारख्या पद्धतीने, उद्याच्या भाववाढीची संभाव्यता काढतात. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो विक्रीचा हिशेब: ७.५ ला घेतलेला खेळाडू ७.८ वर गेला, तरी विकताना ७.६ च वसूल होतात, कारण निम्माच नफा, तोही खालच्या दशांशावर आणून मिळतो. एकच चढ मिळालेल्या खेळाडूच्या विक्रीत तर काहीच पदरी पडत नाही.