क्लचची तार आणि तापलेल्या नळ्या

सायकलचा ब्रेक आपण नेहमी दाबतो. बोटे दाबतात हँडलवर, आणि रबर दाबतो चाकावर. मधे काय असते? एक तार आणि तिच्यावर कवच. तार आत सरकते. कवच दोन्ही टोकांना घट्ट टेकलेले असते. म्हणून वाट वाकडी असली तरी ओढ पोचते. मोटारसायकलच्या डाव्या मुठीची क्लच-केबल अशीच असते.

आता अमेरिकेतल्या एका मोटारीची गोष्ट ऐका. फोर्ड कंपनीने १९६४ साली मस्टँग नावाची मोटार विकायला काढली. तिथले शौकीन लोक ह्या जुन्या गाड्या आजही जपतात. पोळ्याला बैल सजवावा तशा सजवतात. पण नुसत्या सजावटीवर त्यांचे भागत नाही. त्यांना गाडीची ताकद वाढवायची असते.

म्हणून ते धुराची वाट मोकळी करतात. कारखान्यातून येताना इंजिनाच्या प्रत्येक बाजूला बिडाची एकच जाड नळी असते. चारी सिलिंडरांचा धूर तिच्यातच शिरतो. जत्रेत एकाच दाराने सगळे निघाले की रेटारेटी होते ना, तसेच. ती काढून प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी लावतात. धूर सुटतो, इंजिन मोकळा श्वास घेते.

पण मग क्लच अडतो. क्लच इंजिनाची आणि गिअरची जोड सोडतो. पेडल दाबले की जोड सुटते. त्या जुन्या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत लोखंडी दांडे असतात. एक आडवा दांडा गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला टेकलेला असतो. नेमक्या तिथूनच नव्या नळ्या खाली उतरतात. दांडा काही वाकत नाही! तेव्हा दांडे काढून केबल घालतात. पुढे १९७९ च्या मस्टँगमध्ये फोर्डनेही केबलच घातली.

केबल वळते खरी, पण कशीही वळवून चालत नाही. वळण मोठे आणि सावकाश हवे. तार एकदम मुरडली की आत घासते, आणि पेडल जड होते. वरचे टोक ज्या पत्र्याला टेकते, तो पातळ असतो. दाबाने तो लवतो, पुढे चिरतो. त्याला मागून जाड पट्टी द्यावी लागते.

खरे भय उष्णतेचे. पाणी १०० अंशांना उकळते. ह्या नळ्या जोराच्या चालीत ३०० अंशांच्याही वर जातात. केबलच्या कवचात आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते वितळले की तार चिकटते. समोर माणसे रस्ता ओलांडताहेत, पाय क्लचवर आहे, पण जोड सुटत नाही. मग काय होईल?

म्हणून केबल नळ्यांपासून दूर बांधायची. उभ्या गाडीत अंतर पुरेसे दिसते, त्यावर विसंबू नये. जोर आला की इंजिन रबरावर कलते आणि अंतर कमी होते. जागाच नसेल तर मधे पत्रा धरावा. पत्रा नळीला चिकटवू नये, मधे हवा राहू द्यावी. चुलीजवळ आडोसा धरतो तसे. पेडलला वर सुमारे १ इंच ढिलाई ठेवावी, नाहीतर आतले बेअरिंग फुकट झिजते.

एवढे करूनही केबल जळते कधीकधी. मिस्त्री नळ्यांना दोष देतो, नवी केबल घालतो. तीही जळते. असे का बरे?

इंजिन रबरावर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत एक जाड तार जोडलेली असते. तिला अर्थिंगची तार म्हणतात. नळ्या बदलताना ती सुटते, आणि परत जोडायची राहून जाते. मग स्टार्टर फिरवला की त्याची मोठी वीज दुसरी वाट शोधते. क्लचची केबल लोखंडाची. इंजिनाला आणि अंगालाही टेकलेली. वीज तिच्यातून धावते. केबल भाजून निघते, नळ्या थंड असल्या तरीसुद्धा!

तेव्हा जळलेली केबल हाती आली की आधी ती जाड तार पाहावी. तिची टोके घासून स्वच्छ करावी, बोल्ट आवळावा. मगच नवी केबल घालावी. गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी, आणि तापलेल्या गाडीत पेडल पुन्हा दाबून पाहावे.