आधारचा नंबर कुलपात आहे, पण किल्ली कुठे आहे?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा पॅक संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढलेत.

सुरुवात आपल्या नंदुरबारपासूनच करू. शहादा तालुक्यातलं टेंभली गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी इथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या दहा गावकऱ्यांना दिले गेले. तेव्हा ती फक्त बारा आकड्यांची एक ओळख होती. आज तोच नंबर बँकेत आहे, रेशनच्या यादीत आहे, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर आहे. आणि पासवर्ड फुटला तर आपण दुसरा ठेवतो, तसा हा नंबर बदलता येत नाही. तो जन्मभराचा आहे.

म्हणून कुणी 'तुमचा डेटा आमच्याकडे एन्क्रिप्टेड आहे, काळजी नको' असं म्हटलं, तर मला एकच विचारावंसं वाटतं. ठीक आहे, पण किल्ली कुठे ठेवलीय?

(इंग्रजीत तिला 'की' म्हणतात, पण मराठी वाक्यात 'की' आला की घोळ होतो. म्हणून आज आपण सरळ किल्लीच म्हणू.)

एन्क्रिप्शन म्हणजे माहितीचं असं रूपांतर, की किल्लीशिवाय ती वाचताच येऊ नये. किल्ली म्हणजे एक मोठा, अंदाज न लावता येणारा आकडा. कुलूप चांगलंच असतं हो, आजकाल वापरतात ते एईएस-२५६ कुणी ताकदीने फोडत नाही. पण हा आकडाही शेवटी डेटाच. तोही कुठेतरी साठवावा लागतो. आणि बऱ्याच ठिकाणी तो त्याच सर्व्हरवर, त्याच हार्डडिस्कवर, एखाद्या कॉन्फिग फाइलमध्ये पडलेला असतो. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, तसलाच हा प्रकार. चोराने डिस्कची कॉपी नेली तर त्याच्याबरोबर किल्लीही गेली. बॅकअपमध्येही दोन्ही एकत्रच जातात, ते वेगळंच.

सरकारी कोषागारात किंवा मतदानयंत्रांच्या स्ट्राँगरूमला दोन कुलुपं असतात, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकटा माणूस दार उघडू शकत नाही. बँकेच्या लॉकरचंही तसंच. आपली किल्ली फिरते, पण बँकेची फिरल्यावरच. कॉम्प्युटरच्या जगात ही शिस्त यायला बराच वेळ लागला.

आधारच्या बाबतीत ती नियम म्हणून कधी आली? यूआयडीएआयने २५ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं की ज्या संस्था आधार नंबर साठवतात, त्यांनी ते सगळे एका वेगळ्या, एन्क्रिप्टेड ठिकाणी ठेवायचे. त्याचं नाव आधार डेटा व्हॉल्ट. बाकी सगळ्या सिस्टिममध्ये, म्हणजे कर्जाच्या फाइलपासून कॉल सेंटरच्या स्क्रीनपर्यंत, मूळ नंबरऐवजी एक बदली क्रमांक वापरायचा, ज्यावरून मूळ नंबर काढता येणार नाही. आणि व्हॉल्टच्या किल्ल्या ठेवायच्या फक्त एचएसएममध्ये. हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल. हे एक वेगळं यंत्र असतं.

इथे कॉलेजची मुलं विचारतात, बदली क्रमांकाची एवढी भानगड कशाला? हॅश करून ठेवा ना! तर गणित करून बघा. आधारचे आकडे बारा. पहिला आकडा ० किंवा १ नसतो. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो. मग शक्यता उरतात ८ वर दहा शून्यं, म्हणजे आठ हजार कोटी. ऐकायला प्रचंड. पण गेमिंगचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. सगळे नंबर एकेक करून तपासायला काही मिनिटं पुरतात. त्यामुळे नुसता हॅश म्हणजे पातळ पडदा. गुप्त किल्ली मध्ये हवीच, आणि ती डेटाजवळ नको.

आता हे एचएसएम यंत्र करतं काय? किल्ली त्याच्या आतच तयार होते आणि उघड्या स्वरूपात कधी बाहेर येत नाही. आपण कुलूपबंद माहिती आत पाठवायची, यंत्राने आतल्या आत उघडून उत्तर द्यायचं. कुणी त्याचं झाकण उचकटायला गेलं तर चांगल्या दर्जाचं यंत्र आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं.

पण लाखो नोंदी रोज त्या एका यंत्रातून काढणं परवडत नाही. म्हणून दोन थर करतात. डेटाला लावलेल्या किल्ल्या वेगळ्या, आणि त्या किल्ल्यांना कुलूप लावणारी मुख्य किल्ली वेगळी. डेटाच्या किल्ल्या कुलूपबंद अवस्थेत डेटाशेजारी राहिल्या तरी चालतात, मुख्य किल्ली मात्र एचएसएमच्या बाहेर येत नाही. यात एक मोठी सोय आहे. मुख्य किल्ली बदलायची झाली तर सगळा डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करायचा नसतो, फक्त त्या छोट्या किल्ल्यांचं कुलूप बदलायचं. आणि एखाद्या ग्राहकाचा डेटा दहा बॅकअपमधून कायमचा नष्ट करायचाय? त्याची किल्ली, तिच्या सगळ्या प्रतींसकट, पुसली की झालं. उरलेली फाइल म्हणजे कचरा.

उलट बाजूही आहे, आणि ती भयानक आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीची किल्ली सापडत नाही, हे २०१८ मध्ये उघड झालं. २०२४ च्या जुलैत शेवटी कुलूप तोडून दार उघडलं. इथे तसं करता येत नाही. गणिताचं कुलूप तोडायला कटर नाही. किल्ली गेली तर बँकेचा स्वतःचा डेटा बँकेलाही गेला. म्हणून मुख्य किल्लीचा बॅकअप लागतोच, आणि तो तुकड्यांत ठेवतात. पाच जणांकडे पाच स्मार्टकार्ड, त्यातली कुठलीही तीन एकत्र आली तरच किल्ली परत जुळते. यामागचं गणित आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलं.

मला खटकतं ते असं, की आपल्याकडे सुरक्षेची चर्चा भिंतींपाशीच अडकते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात आधारच्या सुनावणीत महान्यायवादींनी सांगितलं होतं की हा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड आहे. बातम्या झाल्या, मीम्सही झाले. पण त्याच वर्षी जानेवारीत 'द ट्रिब्यून'ने बातमी दिली होती की ५०० रुपयांत एक लॉगिन मिळालं आणि त्यातून लोकांचे तपशील दिसले. बायोमेट्रिक डेटा फुटला नाही, असं यूआयडीएआयने सांगितलं. मुद्दा असा, की लॉगिन असलेल्या माणसासाठी सिस्टिम स्वतःच कुलूप उघडून देते. तिथे भिंतीची जाडी कामाची नाही, आणि खरं सांगायचं तर वेगळी ठेवलेली किल्लीही एकटी पुरत नाही. पण किल्ली वेगळ्या यंत्रात असेल तर एक गोष्ट मिळते. प्रत्येक वेळी कुलूप उघडायला तिथे विचारावं लागतं, आणि त्याची नोंद राहते. दिवसाला दोनशे नोंदी उघडणारं खातं रात्री तीन वाजता दोन लाख मागू लागलं, तर तिथेच अडवता येतं. अट एकच, डेटाबेस सांभाळणारा आणि किल्ल्या सांभाळणारा माणूस एकच नसावा.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं असं वाटत असेल, तर तुमच्या हातातला फोन बघा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सअॅपने चॅटचा बॅकअपही एन्क्रिप्ट करायची सोय दिलीय. त्यात बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो. तुम्ही पासवर्ड निवडलात तर किल्ली व्हॉट्सअॅपच्या एचएसएमवर चालणाऱ्या वेगळ्या तिजोरीत राहते. गुगलकडे पेटी आहे, किल्ली नाही. व्हॉट्सअॅपकडे किल्ली आहे, पण तुमच्या पासवर्डशिवाय त्यांनाही ती काढता येत नाही. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड पडला की तिजोरी ती किल्ली कायमची बंद करते.

सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे खाली हा पर्याय आहे. मुद्दाम चालू करावा लागतो. पासवर्डऐवजी ६४ आकडी किल्ली निवडलीत तर ती तिजोरीत जात नाही, फक्त तुमच्याकडे राहते. तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत ठेवू नका. फोन चोरीला गेला की तोही गेला. कागदावर लिहा, दोन प्रती करा, आणि एक गावाकडे ठेवा.