शत्रूच्या बळाचा हिशेब

खोटी वही ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचें दिवाळें निघतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु राष्ट्रानेंच शत्रूच्या बळाची खोटी वही ठेविली तर काय होतें? १९४० सालच्या इंग्लंड-जर्मनीच्या हवाई युद्धांत याचें उत्तर सांपडतें.

त्या वर्षीं जुलैंत जर्मन विमानदलाच्या माहितीखात्याचे प्रमुख जोसेफ श्मिड यांनीं असा अहवाल दिला कीं, इंग्लंडचे कारखाने महिन्यास फार तर १८० ते ३०० लढाऊ विमानें काढीत असावेत. वस्तुतः त्याच महिन्यांत सुमारें पांचशें विमानें तयार झालीं! दुरून वर्दी देणाऱ्या रडारयंत्रणेचा तर त्या अहवालांत उल्लेखही नव्हता. शत्रू आतां थकला, या भरंवशावर १५ सप्टेंबरला जर्मन विमानें लंडनवर चालून गेलीं, तों समोर लढाऊ विमानांचे थवेच्या थवे उभे! दोनच दिवसांनीं हिटलरला इंग्लंडवरील स्वारी पुढें ढकलावी लागली.

पण इंग्लंडची वही तरी खरी होती काय? त्याच १५ तारखेला १८५ जर्मन विमानें पाडल्याचें सरकारनें जाहीर केलें. युद्धानंतर जर्मन दप्तर तपासतां तो आकडा साठाच्या आसपास निघाला. शत्रूच्या एकंदर बळाविषयीं विमानखात्याचे आकडे एक, तर आर्थिक युद्धखात्याचे दुसरेच. तेव्हां मुख्य प्रधान चर्चिल यांनीं हा वाद सेनापतींवर न सोंपवितां सिंगलटन नांवाच्या न्यायाधीशापुढें ठेविला. त्यांनीं दोन्ही खात्यांचें म्हणणें व पुरावा तपासून जानेवारी १९४१ मध्यें निर्णय दिला कीं, जर्मन व ब्रिटिश हवाई बळाचें प्रमाण सुमारें चारास तीन धरावें. विमानखात्यानें रंगविलेलें चित्र याहून पुष्कळच भयंकर होतें.

साक्षीदार प्रामाणिक असला तरी उलटतपासणीवांचून त्याची साक्ष ग्राह्य धरीत नाहींत, हा न्यायासनाचा साधा नियम आहे. बर्लिनमध्यें श्मिड यांस आडवे प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. लंडनमध्यें तो होता, हाच काय तो फरक. शत्रूस कमी लेखल्यानें सैनिक व्यर्थ मरतात, आणि फाजील लेखल्यानें प्रजा घाबरून तिजोरी रिती होते. स्वतंत्र हिंदुस्थानांतही सैन्याच्या गुप्त गोष्टी गुप्तच राहाव्यात. मात्र ज्या आकड्यांच्या आधारें लोकांचे प्राण व पैसा मागितला जातो, त्यांची झाडाझडती घेण्याचा अधिकार त्या खात्याबाहेरील कोणा निःस्पृह माणसाकडे असलाच पाहिजे. त्यास देशद्रोह म्हणणें म्हणजे श्मिड यांची वही पुन्हा उघडणें होय.