सकाळचा झटका आणि हाताची थरथर

कानबाईचं जागरण झालं, की सकाळी एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातून चहाचा कप उडतो. आपण म्हणतो, झोप झाली नाही. पण असं वरचेवर होत असेल, तर त्यामागे मिरगी असू शकते. थरथर एका लयीत चालते आणि ती सहसा मिरगी नसते. हा झटका मात्र क्षणात येऊन जातो, शुद्धही हरपत नाही. म्हणून फिटसाठी जळगाव-धुळ्याला डॉक्टरांकडे गेलो, की सकाळचे झटकेही आपणहून सांगावेत. कारण कार्बामाझेपिनसारख्या गोळ्यांनी ते वाढू शकतात. व्हॅल्प्रोएटने बहुधा आटोक्यात येतात. पण त्यानं हात थरथरू शकतो, आणि मुलींच्या बाबतीत पुढच्या गरोदरपणाचाही विचार करावा लागतो. तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.