दिसलंच नाही काही

१९९९च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या थिएटरांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले होते. एकाची रात्रीची झोप उडालेली, दुसरा तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून धुसफुसतोय. गंमत अशी की दोघांचं म्हणणं एकच होतं: दिसलंच नाही काही. एकजण ते अंगावर काटा आणून सांगत होता, दुसरा हात झटकून.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ला आता पाव शतक उलटून गेलं. भयपटांच्या इतिहासात तो कॅमेऱ्याच्या तंत्रासाठी आणि गल्ल्यासाठी नोंदला गेला आहे. माझ्या मते त्याची खरी गोष्ट त्याच्या प्रेक्षकांची आहे, आणि ती तितकीशी गोड नाही.

डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या फ्लोरिडातल्या दोन तरुणांनी ऑक्टोबर १९९७मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत चित्रीकरण उरकलं. खर्च काही हजार डॉलर. साठ हजार हा आकडा आता रूढ झाला आहे. हॉलीवुडमध्ये एवढ्यात एखाद्या नटाची गाडीही सजत नाही. भूत दाखवायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी नटांनाच घाबरवायचं ठरवलं. हेदर डोनाह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकेल विल्यम्स यांच्याच हातात कॅमेरे दिले. लिहिलेले संवाद नाहीत, फक्त कुठे जायचं आणि काय करायचं याच्या चिठ्ठ्या. खाणं दिवसागणिक कमी होत गेलं. रात्री दिग्दर्शक तंबूबाहेर लहान मुलांच्या आवाजांची टेप लावायचे, तंबू गदागदा हलवायचे. पात्रांना नावंही नटांचीच दिली. हे शेवटचं त्या वेळी कुणाला फारसं महत्त्वाचं वाटलं नसावं.

त्या तिघांचं जंगलात काय होतं? दिवसभर दक्षिणेकडे चालायचं आणि संध्याकाळी पुन्हा ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी पोचायचं. कोकणातल्या कुणालाही हे सांगा, तो एका दमात म्हणेल, चकवा लागला. पण चकव्याच्या गोष्टीत तो सांगणाऱ्याला स्वतःला सहसा लागलेला नसतो. लागतो मामाच्या शेजाऱ्याला. साक्षीदार एक घर लांब असला की गोष्ट पटते, आणि उलटतपासणीही घेता येत नाही. मिरिक आणि सांचेझ यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी साक्षीदारच बेपत्ता करून टाकले.

ऑक्टोबर १९९४मध्ये तीन विद्यार्थी बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात नाहीसे झाले आणि वर्षभराने त्यांचं चित्रीकरण सापडलं, हा मजकूर सिनेमाच्या सुरुवातीलाच येतो. पण प्रेक्षक थिएटरात यायच्या आधीच त्याची तयारी झालेली होती. सिनेमाच्या वेबसाइटवर पोलिसी तपासाची कागदपत्रं आणि हेदरची डायरी होती. जानेवारी १९९९मध्ये सनडान्स महोत्सवात ‘बेपत्ता’ची पत्रकं वाटली गेली. तिथेच आर्टिझन या कंपनीने सुमारे अकरा लाख डॉलरला सिनेमा घेतला आणि खोटेपणाला पगारी माणसं मिळाली. आयएमडीबीवर तिघे बेपत्ता, बहुधा मृत, अशी नोंद होती. प्रदर्शनाच्या तोंडावर एका वाहिनीवर ‘ब्लेअर विच’ या सिनेमातल्या चेटकिणीच्या शापाचा बनावट माहितीपटही लागला. नटांना लोकांसमोर येऊ नका असं बजावलं होतं. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. मुलगी जिवंत होती.

आज हे वाचून हसू येतं. पण त्या काळी घरात नुकतंच इंटरनेट आलेलं होतं आणि ‘इंटरनेटवर आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून चालत असे. त्या प्रेक्षकाला भाबडा म्हणायला मी तयार नाही. त्याच्याकडे खातरजमा करायचं साधनही तेच होतं, ज्यातून थाप आली होती.

जुलैच्या मध्याला सिनेमा अवघ्या सत्तावीस थिएटरांत लागला आणि तिकिटं मिळेनाशी झाली. ३० जुलैला तो अकराशे थिएटरांत गेला आणि त्या एका शनिवार-रविवारात जवळपास २ कोटी ९० लाख डॉलर जमले. लोक ओकले, अशा बातम्या याच काळातल्या. त्या खऱ्या होत्या, पण त्यात चेटकिणीचा हात कमी. डोळ्यांना पडदा हिंदकळताना दिसतो आणि कान सांगतो की आपण खुर्चीत स्वस्थ बसलोय. या भांडणात पोट ढवळतं. काही थिएटरांनी तशा सूचनाही लावल्या. बातम्यांत मात्र मळमळ आणि भीती एकत्र कालवली गेली, आणि कंपनीला ते दुरुस्त करायचं काहीच कारण नव्हतं.

याच दोन आठवड्यांत प्रतिक्रिया फिरली. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाने चारपैकी चार तारे दिले होते. पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोरच्या पाहणीत मात्र आली ‘सी प्लस’. ऑगस्टमध्ये नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर सिनेमाची कहाणी झळकली आणि तिघे नट टीव्हीवर हसतखेळत बोलताना दिसू लागले. तोवर निम्मा देश ‘आजवरचा सर्वांत भयंकर सिनेमा’ असं ऐकून आत जात होता आणि काटक्यांच्या बाहुल्या, दगडांचे ढीग, तीन माणसांची भांडणं एवढंच पाहून बाहेर येत होता. शेवटी एकजण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, कॅमेरा पडतो, संपलं. कंपनीच्या आग्रहाखातर दुसरे शेवटही चित्रित झाले होते, पण दिग्दर्शकांनी पहिलाच ठेवला. शहाणपणा केला.

फसवलं गेल्याचा राग कुणावर काढायचा? कंपनी दिसत नाही. दिग्दर्शक अनोळखी. दिसत होती ती हेदर: तोंडाजवळ धरलेला कॅमेरा, वाहतं नाक, रडत रडत तिघांच्या आयांची माफी मागणारी. या एका दृश्याची जेवढी टवाळी झाली तेवढी त्या दशकात क्वचितच कशाची झाली असेल. सर्वांत वाईट अभिनेत्रीचं रॅझी पारितोषिक तिला मिळालं. खरं वाटत होतं तोवर त्यात अभिनय आहे हेच कुणाला दिसलं नाही. खोटं आहे हे कळल्यावर तोच अभिनय वाईट ठरला. कंपासची, नकाशाची, चुकलेल्या वाटेची सगळी जबाबदारीही तिच्याच माथी. नकाशा ओढ्यात लाथाडतो तो माईक, पण प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या हेदरने. पात्राचं नाव आणि तिचं नाव एकच असल्यामुळे थिएटरातला राग तिच्यामागे रस्त्यावर आला. पुढे तिने अभिनय सोडला, नंतर नावही बदललं.

बर्किट्सव्हिलचेही हाल झाले. दोनशेही वस्ती नसलेल्या त्या गावात हौशी लोक रात्री-अपरात्री येऊ लागले आणि गावाच्या पाट्या चोरून नेऊ लागले.

धंद्याने यातून बरोबर धडा घेतला. २००९मध्ये ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ आला, पंधरा हजार डॉलरांत दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात केलेला. त्याच्या जाहिरातीत सिनेमापेक्षा अंधारात किंचाळणारे, खुर्चीत दचकणारे प्रेक्षकच जास्त दिसत होते. म्हणजे प्रतिक्रिया हाच माल झाला. आपल्याकडे २०११च्या ‘रागिनी एमएमएस’ने सत्य घटनेचा हवाला आणि छुपे कॅमेरे अशी दोन्ही शस्त्रं परजली. २०२२मध्ये ‘टेरिफायर २’ पाहताना लोकांना चक्कर आल्याच्या बातम्या पसरल्या तेव्हा त्या वाचून लोक घाबरले नाहीत, तिकीट काढायला गेले. मूळ सिनेमाचा २०१६चा पुढचा भाग सफाईदार होता, भरपूर दाखवणारा होता, आणि प्रेक्षकांनी त्याला ‘डी प्लस’ दिला. दाखवून पाहिलं, तेही चाललं नाही.

पहिल्या सिनेमाची जगभरातली कमाई २५ कोटी डॉलरच्या घरात गेली. ती दहा कोटींवर गेली तेव्हा कंपनीकडून नटांना फळांची परडी आली, असं त्यांनी पुढे सांगितलं. एप्रिल २०२४मध्ये नव्या ‘ब्लेअर विच’ची घोषणा झाली, तेव्हा तिघांनी हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेटला जाहीर पत्र लिहिलं. मागच्या आणि पुढच्या कमाईत रीतसर वाटा द्या. आमची नावं आणि चेहरे वापरताना आम्हाला विचारा. आणि दरवर्षी एखाद्या अनोळखी दिग्दर्शकाला पहिला सिनेमा करायला साठ हजार डॉलर द्या.